टीव्हीच्या मागचा इतिहास

परवा दुपारी मी जमिनीवर पालथी पडून टीव्हीच्या टेबलामागे बॅटरी मारत होते आणि हे पलंगावरून सूचना देत होते. आमच्या घरात ही कामं कधीच माझ्याकडे नव्हती. हे वीज मंडळात होते. घरातला प्लग, फ्यूज, टेपरेकॉर्डरचा बेल्ट, शेजाऱ्यांची इस्त्री, सगळं यांच्या हातचं. मी शाळेत इतिहास शिकवायचे आणि घरी आल्यावर "अहो, तो पंखा आवाज करतोय" एवढं सांगायचे. आता यांचे हात थरथरतात, वाकलं की चक्कर येते, त्यामुळे वायरी माझ्याकडे आल्या आहेत आणि सूचना यांच्याकडे.

झालं असं की पुण्याला मुलाने घर बदललं. नव्या घरात त्याने लांबट पट्टीसारखा एक स्पीकर घेतला आणि जुनी 'होम थिएटर' सिस्टिम आमच्याकडे सांगलीला पाठवून दिली. एक जड रिसीव्हर, पाच स्पीकर, एक मोठा लाकडी डबा (तो म्हणे सब-वूफर) आणि पोतंभर वायरी. चिठ्ठीत लिहिलं होतं, "बाबांना डायलॉग नीट ऐकू येतील. जोडायला माणूस बोलवा." माणूस दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. तिसऱ्यांदा मी बोलावलंच नाही.

यांच्या ऐकण्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर हा सगळा खटाटोप कशासाठी ते कळणार नाही. गेल्या तीन-चार वर्षांत यांना कमी ऐकू येतं. ठार बहिरे नाहीत. दारावरची बेल ऐकू येते, ट्रकचा हॉर्न तर नको इतका ऐकू येतो. पण बोलणं ऐकू येतं आणि कळत नाही. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. वयामुळे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. आता बाराखडी आठवा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत दणदणीत असतात, ते राहतात. स, श, फ, त, थ, क यांचा जो बारीक फुत्कार असतो तो वरच्या पट्टीत, तो जातो. म्हणजे माणसाला सगळे काने-मात्रे ऐकू येतात आणि व्यंजनं ओली शाई पुसावी तशी पुसलेली असतात. श्रवणयंत्र घेतलंय. ते बहुतेक वेळ कपाटाच्या खणात असतं, कारण स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणे.

परिणाम असा की संध्याकाळी टीव्हीचा आवाज चाळीसवर. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा अगदी गोड शब्दांत विचारलं, "काकू, काल शेवटी तिने त्याला माफ केलं का हो?" मी आवाज कमी करायचे, हे वाढवायचे. मग एके दिवशी यांनी वाढवणं सोडलं आणि मालिकेच्या वेळी गॅलरीत जाऊन बसायला लागले. भांडण परवडलं असतं हो. ते गॅलरीतलं बसणं मला बघवेना.

तर पोतं उघडलं. वायरींचा गुंता सोडवता सोडवता माझ्या लक्षात आलं की हा गुंता कालक्रमानुसार लावता येतो! सवय जात नाही. ज्यांना इतिहासाचा तास नको असेल त्यांनी इथून पुढचे काही परिच्छेद सोडून खाली जावं. (नातेवाइकांनी सोडू नये, मी विचारणार आहे.)

दोन कानांनी यंत्रातून ऐकण्याची सुरुवात मी समजत होते त्यापेक्षा फार जुनी निघाली. १८८१ साली, म्हणजे इकडे पुण्यात 'केसरी' निघाला त्याच वर्षी, पॅरिसमध्ये विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. तिथे क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअरने ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनची ध्वनिग्राहक यंत्रं ओळीने लावली आणि तारा प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. तिथे लोक दोन्ही कानांना एकेक टेलिफोन लावून रांगेने ऐकायचे. डाव्या कानाची तार रंगमंचाच्या डाव्या बाजूची, उजव्या कानाची उजव्या बाजूची. गायिका डावीकडून उजवीकडे चालली की आवाजही चालायचा. व्हिक्टर ह्यूगोनेही ते त्याच वर्षी ऐकलं होतं. टेलिफोनचा शोध लागून जेमतेम पाच वर्षं झाली होती, आणि माणसाला लगेच तो करमणुकीला जोडायचा होता. यात मला मुलाच्या पोत्याची पूर्वपीठिका दिसते.

मग मध्ये बरीच वर्षं सगळं एकसुरी, म्हणजे एकाच कर्ण्यातून. १९३१ साली मुंबईत 'आलम आरा' लागला आणि आपला पडदा बोलायला लागला. त्याच वर्षी लंडनमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन हा ईएमआय कंपनीतला तरुण इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमा बघत होता. नट पडद्याच्या या टोकाला आणि आवाज दुसरीकडूनच, हे त्याला खटकलं. तुम्हाआम्हाला खटकलं असतं तर आपण घरी येऊन विसरलो असतो. याने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटचा अर्ज केला. दोन ध्वनिग्राहक, दोन स्पीकर, आणि तबकडीच्या एकाच खाचेत दोन आवाज कोरायची युक्ती, असं सगळं त्यात होतं. खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी, एका उतारावर डावा आवाज, दुसऱ्यावर उजवा. त्या पद्धतीच्या तबकड्या बाजारात यायला १९५७-५८ उजाडलं. ब्लमलाइन ते बघायला नव्हता. १९४२ च्या जूनमध्ये विमानातल्या रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला. वय ३८.

आता माझा आवडता प्रसंग. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांचा विषय माणसाचं बोलणं आणि ऐकणं. टेलिफोनवर बोलणं कितपत कळतं हे मोजण्यासाठी ते निरर्थक अक्षरं वाचून दाखवायचे आणि ऐकणाऱ्यांना लिहून काढायला सांगायचे. (शुद्धलेखनच की!) कुठली अक्षरं हरवतात याचा त्यांचा अभ्यास म्हणजे आमच्या डॉक्टरांनी काढलेल्या आलेखाचा आजोबा म्हणायला हरकत नाही. तर या फ्लेचरनी २७ एप्रिल १९३३ रोजी एक प्रयोग केला. वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता आणि श्रोते सुमारे २०० किलोमीटरवर वॉशिंग्टनच्या सभागृहात बसले होते. लिओपोल्ड स्टोकोव्स्की हा वाद्यवृंदाचा प्रसिद्ध संचालक काठी सहकाऱ्याच्या हातात देऊन स्वतः वॉशिंग्टनला आवाजाच्या बटणांपाशी बसला होता. फिलाडेल्फियात तीन ध्वनिग्राहक, तीन तारा, वॉशिंग्टनच्या रंगमंचावर तीन स्पीकर. डावा, उजवा आणि मधला.

तीन का? दोन कानांना दोन पुरायला हवेत ना? हा प्रश्न मलाही पडला. त्याचं उत्तर असं की दोनच असतील तर बरोबर मध्यभागी बसणाऱ्यालाच मधला आवाज मधून आल्यासारखा वाटतो. कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला जवळच्या स्पीकरमधूनच सगळं येतं आणि मध्ये भोक पडतं. खरं तर रंगमंचभर शेकडो ध्वनिग्राहकांचा पडदा लावायला हवा, पण तीनमध्ये भागतं, असं त्या मंडळींनी ठरवलं. हा मधला स्पीकर लक्षात ठेवा. माझ्या गोष्टीचा नायक तो आहे.

स्टोकोव्स्कीला हे इतकं आवडलं की तो पुढे डिस्नेच्या 'फँटेशिया'त गेला. १९४० साली न्यूयॉर्कला हा सिनेमा लागला तेव्हा आवाजासाठी वेगळी फिल्म चालायची, तिच्यावर आवाजाचे तीन पट्टे आणि कुठला आवाज कुठे किती मोठा करायचा याचा चौथा पट्टा. या कामासाठी डिस्नेने आठ मापनयंत्रं घेतली ती ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघा नवख्यांकडून. हो, तुमच्या टेबलावरच्या प्रिंटरवाले तेच. मात्र एवढी यंत्रसामग्री गावोगाव नेणं झेपलं नाही, वरून महायुद्ध. मोजक्या शहरांतच ते ऐकायला मिळालं. १९५३ च्या सिनेमास्कोपपासून मात्र मोठ्या थिएटरांत पडद्यामागे तीन आणि प्रेक्षकांच्या अंगावर एक असा चार वाटांचा आवाज आला.

आपल्याकडे? ७० मिलिमीटरचा पहिला हिंदी सिनेमा 'अराउंड द वर्ल्ड', १९६७. पण खरा धक्का दिला 'शोले'ने, १९७५ साली. आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि आम्ही गिरगावात नणंदेकडे गेलो होतो. मिनर्व्हाची तिकिटं मिळवायला यांनी दोन दिवस घालवले. चित्रण साध्या ३५ मिलिमीटरवर करून मग ते मोठं केलं होतं, आणि आवाज सहा वाटांचा. आगगाडीचा प्रसंग सुरू झाला आणि मी यांचा हात धरला. नाणं उडवल्यावर ते पडल्याचा आवाज असा आला की हे चक्क खुर्चीखाली वाकून बघायला लागले! शेजारचा माणूसही वाकला होता. दोघांची डोकी आपटली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की नातू ती माझ्याआधी पूर्ण करतो.

बाहेर थिएटरात सहा वाटा, आणि घरी? घरी एक. मग दोन. तबकडीच्या खाचेला दोनच उतार, त्यामुळे घरातल्या संगीताला दोनच वाटा मिळाल्या, आणि फ्लेचर-स्टोकोव्स्कींचा तो मधला स्पीकर घरात आलाच नाही. सत्तरच्या दशकात चार स्पीकरची 'क्वाड्राफोनिक' पद्धत निघाली होती, पण तीन कंपन्यांच्या तीन तऱ्हा, एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना. गिऱ्हाईक कंटाळलं. चार स्पीकर होते तिथेही मधला नव्हताच.

पोत्यात तळाला मला आमचीच एक वायर सापडली. मुलगा हॉस्टेलला जाताना टेपरेकॉर्डर घेऊन गेला होता त्याची. गोल तोंड, आत पाच टाचण्या. तिला 'डिन' म्हणतात, जर्मन मानक संस्थेच्या नावावरून. यांनी ती रेडिओला जोडून रात्रीच्या मैफली टेपवर घेतल्या होत्या. टेप म्हटलं की पावसासारखा 'स्स्स' आवाज आलाच. तो घालवायची युक्ती काढली रे डॉल्बीने, आणि या माणसाचं आपल्याशी नातं आहे हे मला आत्ता आत्ता कळलं. १९६३ ते ६५ हा अमेरिकन शास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांतर्फे सल्लागार म्हणून चंदीगडला होता, वैज्ञानिक उपकरणांच्या सरकारी संस्थेत. तिथून जाऊन १९६५ मध्ये त्याने लंडनला आपली कंपनी काढली. आज गणपतीच्या मिरवणुकीतल्या भिंतींना आपण 'डॉल्बी' म्हणतो, म्हणजे गोंगाट कमी करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाव आपण गोंगाटालाच दिलं. यावर मी अधिक काही लिहीत नाही, गल्लीतली मुलं हा ब्लॉग वाचतात.

डॉल्बी कंपनीने सत्तरच्या दशकात दुसरी करामत केली. सिनेमाच्या फिल्मवर आवाजाला जागा फक्त दोन पट्ट्यांची, पण वाटा चार काढल्या. डावा, उजवा, मधला आणि मागचा. जे दोन्ही पट्ट्यांवर अगदी सारखं असेल ते मधल्या स्पीकरला द्यायचं, जे बरोबर उलट असेल ते मागच्यांना. बेरीज आणि वजाबाकी, बस. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ते गाजवलं. गंमत अशी की दोन पट्ट्यांत चार वाटा दडलेल्या असल्यामुळे व्हिडिओ कॅसेटवर तो सिनेमा उतरवला की त्या चारही घरी येऊन पडायच्या, कोणाला नकळत! १९८२ मध्ये त्या सोडवणारी घरगुती यंत्रं आली, पण त्यांनी फक्त मागचा आवाज वेगळा काढला. मधला घरी यायला १९८७ उजाडलं. त्या पद्धतीचं नाव प्रो लॉजिक. १९३३ ते १९८७, चोपन्न वर्षं! वनवास म्हणावा तर चौदा वर्षांचा असतो.

पुढचं तुम्हा मंडळींना माहीत आहे. १९९२ मध्ये 'बॅटमन रिटर्न्स'बरोबर फिल्मच्या कडेच्या भोकांच्या मधल्या जागेत आकड्यांच्या रूपात आवाज छापायला लागले, मग १९९६ ला जपानमध्ये डीव्हीडी आली आणि ५.१ हा शब्द घरोघरी पोचला. मला कायम वाटायचं, स्पीकरला दशांश कसा असेल? तर पाच वाटा पूर्ण पट्टीच्या, आणि सहावी फक्त ढगांच्या गडगडाटाइतक्या खालच्या सुरांची, तिला पट्टीचा दहावा भागही पुरतो, म्हणून 'पॉइंट एक'. म्हणजे तो मोठा लाकडी डबा हिशेबात एक दशांश आहे. खोलीत मात्र त्याने दीड माणसाची जागा घेतली आहे.

आता जोडणी. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना सगळ्यांना माहीत असतील. त्या पिनांची घडण १९३० च्या दशकात अमेरिकेत आरसीए कंपनीने ग्रामोफोन रेडिओला जोडण्यासाठी केली, आणि तेव्हापासून ती फारशी बदलली नाही. मी आधी तीच वायर घेतली. पण आमच्या सपाट टीव्हीला ती बाहेर देणारी भोकंच नाहीत. मग एचडीएमआय. ही २००२ ची. २००९ पासून तिच्यातून आवाज उलटाही येतो, म्हणजे टीव्हीकडून स्पीकरकडे, त्या भोकाशी 'एआरसी' लिहिलेलं असतं. टीव्हीवर लिहिलेलं होतं, मुलाच्या रिसीव्हरवर नव्हतं. तो त्याच्या आधीचा. "एक टोक नव्या जमान्यात, एक जुन्यात, कसं जुळणार," हे पलंगावरून म्हणाले. स्वतःवरच बोलत होते की काय कोण जाणे.

राहिली ती करंगळीपेक्षा बारीक काळी वायर, टोकाला चौकोनी. हिच्यातून वीज जातच नाही, उजेड जातो. १९८३ साली तोशिबाने सीडी प्लेअरसाठी काढलेली. टीव्हीला भोक होतं, रिसीव्हरला होतं. दोन्हीकडे खटकन बसली. मी दमून उठले, बटण दाबलं. काही नाही. आवाजच नाही! अर्धा तास शोधाशोध. नातवाला व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, "आजी, टोपी काढलीस का?" कसली टोपी? त्या टोकांवर धूळ बसू नये म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकची इवलीशी टोपी असते. ती तशीच आत खुपसली होती मी. काढल्यावर टोकाशी लाल उजेड दिसला. खरंच उजेड जातो हो! मी तळहातावर तो ठिपका पाडून यांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून, वाकून पाहिला.

मग आवाज आला, पण विचित्र. बातम्या देणारी मुलगी विहिरीतून बोलावी तशी आणि सगळीकडून एकदम. यांनी डोळे मिटले, मान जरा तिरकी केली आणि म्हणाले, "एक स्पीकर उलटा जोडलायस. लाल-काळं बघ." ज्या माणसाला आठवडाभरात माझी दहा वाक्यं कळली नसतील त्याने हे कानाने ओळखलं. खरंच डावीकडची लाल वायर काळ्यात गेली होती. तसं झालं की एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि मधला आवाज विरून जातो, खर्जही जातो. सरळ केल्यावर ती मुलगी पडद्यासमोर येऊन बसली. पण बोलणं अजूनही गोलमालच. रिसीव्हरवर 'स्टीरिओ' दिसत होतं. म्हणजे आम्ही १९५८ सालात होतो.

हळूहळू एकेक बटण दाबत गेले आणि 'प्रो लॉजिक' आलं. टीव्हीच्या खाली ठेवलेला तो लांबट, इतका वेळ मुका असलेला मधला स्पीकर बोलायला लागला. नुसतं बोलणं तेवढं त्याच्यातून, पार्श्वसंगीत दोन्ही बाजूंना सरकलं. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. मधला चारने वाढवला, मोठा डबा सहाने उतरवला, कारण खर्ज वाढला की उरलीसुरली व्यंजनंही त्याखाली गाडली जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम' वर होता तो 'ऑटो' केला, म्हणजे ५.१ चा सिनेमा लागला तर तो टीव्हीने दोनात न दाबता जसाच्या तसा पुढे द्यावा. आणि हेही खरं की जुन्या डबा टीव्हीचे स्पीकर तोंडावर असायचे, हे सपाट टीव्ही जमिनीकडे किंवा भिंतीकडे बोलतात. भिंतीला सगळं कळत असेल.

यांचे कान काही बरे झालेले नाहीत, उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नये. जलद बोलणाऱ्या दोन नट्या अजूनही कळत नाहीत, आणि मी स्वयंपाकघरातून बोललेलं तर मुळीच नाही (पण ते आधीही ऐकू येत नव्हतं, कान चांगले होते तेव्हाही). श्रवणयंत्र मात्र त्या संध्याकाळी खणातून बाहेर आलं. स्वतःहून. लावून बघतो म्हणाले, वायरींचं काम नीट झालंय का ते तपासायला हवं ना.

साडेआठला मालिका सुरू झाली. मी पोळ्या करत होते. गॅलरीचं दार वाजलं नाही. थोड्या वेळाने हाक आली, "अगं, जरा आवाज कमी कर, शेजारी काय म्हणतील!" रिमोट त्यांच्याच हातात होता, पण कुठला रिमोट कशाचा ते अजून पाठ झालेलं नाही. आकडा बघितला तर बावीस.

मागचे दोन स्पीकर अजून खोक्यातच आहेत. त्यांच्या वायरी दाराच्या चौकटीवरून न्यायला केसिंग पट्टी मारावी लागेल, आणि शिडीवर चढायला मला यांनी सक्त मनाई केली आहे. मुलगा दिवाळीला येईल तेव्हा बघू. पाच टाचण्यांची ती डिन वायर यांनी मागून घेतली आणि आपल्या खणात ठेवली. तिला जोडायला आता घरात काहीही नाही, हे मी बोलले नाही.